सुमेरच्या मातीत सोन्याची खाण नाही

व्हॉट्सॲपवर पुन्हा तोच संदेश फिरतोय: निबिरू ग्रहावरून अनुन्नाकी नावाचे देव आले, सोनं खणायला मजूर हवेत म्हणून त्यांनी माणूस घडवला, त्याला लिपी शिकवली, आणि हे सगळं सुमेरियन लोकांनीच, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकातल्या सुमेरच्या रहिवाशांनीच, मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलंय. झेकरिया सिचिन यांच्या १९७६ सालच्या पुस्तकातून हा दावा जगभर पसरला. पाट्यांवर तसं काहीही नाही. जे आहे ते इतकं जिवंत आहे, की ते असं झाकलं जाताना पाहून जीव तुटतो.

आधी सोनं. देव राबत होते अशी कथा आहे, हे खरं. ‘एन्की आणि निन्माह’ या सुमेरियन कथेत देव कालवे खणतात, मातीच्या टोपल्या वाहतात, कुरकुरतात. तिथल्याच अक्कादी भाषेतल्या ‘अत्राहासिस’ या काव्यात तर राबणारे देव आपली अवजारं जाळून त्यांच्यावर हुकूम चालवणाऱ्या एन्लिल देवाच्या दारावर चालून जातात. मग त्यांचं ओझं उचलायला मातीतून माणूस घडतो. पण काम कुठलं? कालव्यांचं. दक्षिण इराकात पाऊस जेमतेम. पाट गाळानं भरला की जवाचं पीक गेलंच. गाळ उपसण्याची वेठ ज्यांच्या नशिबी होती, त्यांनी माणसाच्या जन्माचं कारणही त्या वेठीतच शोधलं. खाणीचा त्यात उल्लेख नाही. त्या गाळाच्या जमिनीत धातू नव्हताच; उर या सुमेरियन शहरातल्या राजथडग्यांतलं सोनं बाहेरून आलेलं.

निबिरू हे नाव बाबिलोनी लेखनातलं. अर्थ ओलांडायची जागा, नदीचा उतार असावा तसा. तो बाबिलोनच्या मार्दुक देवाचा तारा, बहुतेकदा गुरू ग्रह. तिथे अनुन्नाकी राहतात असं एकही वाक्य नाही. पाताळात मात्र ते भेटतात: इनन्ना देवी खाली उतरते तेव्हा त्यांच्यातले सात जण न्यायाला बसलेले असतात.

बर्लिनच्या संग्रहालयातल्या व्हीए २४३ क्रमांकाच्या प्राचीन मुद्रेवरचा तारा आणि भोवतीचे अकरा ठिपके म्हणजे सूर्यमाला, हा सिचिन यांचा दावाही टिकत नाही. तिथल्या कलेत सूर्य वर्तुळात काढत, चार टोकं आणि मध्ये नागमोडी किरण. या मुद्रेवर लेख कोरलेला आहे. त्यात माणसांची नावं आहेत, आकाशाबद्दल अक्षरही नाही.

आणि लिपी म्हणे अचानक अवतरली! उरुक या सुमेरियन शहरात इ.स.पू. ३३०० च्या सुमारास ती दिसते, पण त्याआधी हजारो वर्षं मातीचे छोटे शंकू आणि गोट्या मोजणीला वापरत होते. पुढे हे शंकू-गोट्या मातीच्या पोकळ गोळ्यांत बंद करून वर मुद्रा उमटवू लागले, मग चपट्या पाटीवर नुसते आकडे, मग चित्रं. ‘खाणे’ची खूण बघा: माणसाचं डोकं आणि तोंडापुढे वाडगा. तसेच तिरक्या काठाचे ओबडधोबड वाडगे उत्खननात ढिगानं निघतात. मजुरांचा शिधा त्यातूनच देत असावेत. एका पाटीवर २९,०८६ मापं जव, ३७ महिने असा हिशेब आहे आणि खाली नाव, कुशिम. सुरुवातीच्या बहुतेक पाट्या अशाच, जव-बिअर-मेंढ्यांच्या.

ही लिपी शिकणंही सोपं नव्हतं. शाळेवरच्या एका सुमेरियन रचनेत मुलगा सकाळी आईकडून भाकरी घेऊन निघतो आणि दिवसभर मार खातो: उशीर झाला म्हणून, बोलला म्हणून, सुमेरियन बोलला नाही म्हणून. ओल्या मातीत बोरू दाबून काढलेलं अक्षर नीट नाही, म्हणूनही छडी बसतेच.