तिवराच्या पानावरचं मीठ जिवंत नसतं, पान असतं

आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. रोमानियात दगड वाढतात, मिठाचे खडे वाढतात, आग श्वास घेते आणि तिला पिल्लं होतात, जगदीशचंद्र बोसांनी धातू जिवंत असल्याचं सिद्ध केलं, म्हणून सजीव-निर्जीव हा फरकच खोटा. सहावीतल्या भाचीने विचारलं, मावशी हे खरंय का, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

दगडाचं आधी. रोमानियातल्या कोस्टेश्ती गावचे ते गोल दगड वाळूच्या थरात बनलेत, चुन्याच्या खनिजाने वाळूचे कण चिकटून. पाऊस आजूबाजूची सैल वाळू धुऊन नेतो आणि दगड वर आलेला दिसतो. बस, एवढंच.

मीठ मात्र नीट समजून घ्या, कारण उत्तर आपल्या खाडीवरच आहे. तिवराचं पान जवळून बघा, वर बारीक पांढरे कण दिसतात, चव घेतली तर खारट. झाड खाऱ्या पाण्यात उभं, मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, तरी आत आलेलं जास्तीचं मीठ पानातल्या ग्रंथी बाहेर टाकतात आणि त्यासाठी झाड स्वतःची ऊर्जा खर्च करतं. ते पाणी सुकलं की खडा बनतो, तोही वाढतो हो, पण बाहेरून थर चढून, आणि पाऊस आला की विरघळून जातो, स्वतःला वाचवायला काहीच करत नाही. पान पेशींमधून आतून वाढतं, आणि आतलं मीठ हद्दीत ठेवायला रात्रंदिवस काम करतं. मेलं की ते काम बंद. फरक हाच आहे, नुसतं वाढणं नाही!

आग म्हणाल तर तिला ऑक्सिजन लागतो, पसरते, मान्य. पण समईवरून मेणबत्ती पेटवली तर मेणबत्तीची ज्योत समईकडून काय घेऊन येते? काहीच नाही, ती कशी जळणार हे मेण आणि वात ठरवणार. तिवराच्या बीतून तिवरच येतं, कारण आत डीएनए आहे.

आता बोस. त्यांच्या नावावर काहीही खपवतात याचा मला खरंच राग येतो. १९०२ च्या पुस्तकात त्यांनी धातूंचा विजेचा प्रतिसाद मोजून दाखवला, तो थकल्यासारखा मंदावतो हेही दाखवलं, सजीव-निर्जीवात सलगता आहे असं ते मानायचे हेही खरं. पण धातूला पेशी असतात, तो खातो, त्याला पिल्लं होतात, असं त्यांनी कुठेही दाखवलेलं नाही.

विषाणू सजीव की निर्जीव यावरून वाद आहे, पेशीबाहेर ते स्वतःहून काही करत नाहीत. पण मुलुंड चेकनाक्याला नेमकी मुंबई कुठे संपते यावर भांडता येतं म्हणून ठाणं आणि मुंबई एक होत नाहीत ना?

रविवारी भाचीला घेऊन खाडीवर जातेय, ते पान तिला दाखवायचंय. ज्यांनी फॉरवर्ड टाकलाय त्या काकांनीही यावं, मनापासून सांगते.