‘बायकांत ग्रोथ हॉर्मोन कमी’: एका मेसेजचं उलटं गणित

मेसेज थोडक्यात असा: ग्रोथ हॉर्मोन हे पुरुषी हॉर्मोन. बायकांत ते कमी, म्हणून त्यांची चरबी हटत नाही. उपाय, २४ तासांचा उपवास. त्याने हे हॉर्मोन पुरुषांत २००० टक्के आणि बायकांत १३०० टक्के वाढतं. चरबी जळते, स्नायू भरतात, साखर उतरते. घाई असेल त्यांनी इंजेक्शन घ्यावं.

सुरुवातच चुकली आहे. पाळी सुरू असलेल्या वयातल्या स्त्रियांच्या रक्तातली दिवसभराची सरासरी काढली, तर ग्रोथ हॉर्मोन पुरुषांपेक्षा जास्तच भरतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते संथ धारेने सोडत नाही, लाटालाटांनी सोडते. पुरुषांत झोप लागल्यावर थोड्याच वेळात एक मोठी लाट येते, बाकी दिवसभर बऱ्यापैकी शुकशुकाट. स्त्रियांत लाटा दिवसाही येतात, जास्त वेळा आणि अनियमित, आणि दोन लाटांच्या मध्ये पातळी तितकी खाली जात नाही. त्यामुळे सकाळी एकदा रक्त देऊन ‘माझं ग्रोथ हॉर्मोन किती’ हे ठरवणं म्हणजे भरती-ओहोटी न बघता समुद्राची खोली मोजणं.

मग जास्त असूनही स्त्रियांत त्याचा परिणाम जास्त का दिसत नाही? याचं उत्तर यकृतात आहे. ग्रोथ हॉर्मोनचं बरंच काम यकृतात तयार होणाऱ्या आयजीएफ-१ या दुसऱ्या हॉर्मोनमार्फत चालतं, आणि इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनमुळे यकृताचा कान या हॉर्मोनसाठी जरा जड होतो. पिट्युटरीला मोठ्याने हाका माराव्या लागतात, तेव्हा कुठे आयजीएफ-१ पुरुषांच्या आसपास येतं. याचा सुंदर पुरावा औषधांत सापडतो. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते. आयजीएफ-१ घसरतं, ग्रोथ हॉर्मोन चढतं. तेच इस्ट्रोजेन त्वचेवरच्या पट्टीतून दिलं तर असं फारसं होत नाही. म्हणून ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असलेल्या बाईला, ती इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत असेल तर, उपचाराचा डोस जास्त लागतो. टेस्टोस्टेरॉनचं उलट: ते चरबी जाळण्याच्या आणि प्रथिनं साठवण्याच्या कामात ग्रोथ हॉर्मोनला हात देतं. म्हणजे स्त्री-पुरुषांत फरक आहेच, पण तो लयीचा आणि प्रतिसादाचा. मेसेज लिहिणाऱ्याने तो किलोवर तोलला.

आता ते टक्के. आकडे हवेतले नाहीत. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या इंटरमाउंटन संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये ते जाहीर केले होते. पण टक्के कशाचे, हे कोण विचारणार? समजा एकाची पातळी ०.१ वरून २.१ झाली: वाढ २००० टक्के. दुसरीची १ वरून ५ झाली: वाढ फक्त ४०० टक्के, पण चढली मात्र दुप्पट. (आकडे माझे, हिशेब समजावण्यापुरते.) ज्याची सुरुवातच तळाशी, त्याचे टक्के फुगतात. शिवाय तो उपवास निव्वळ पाण्यावरचा होता. आपली एकादशी दुप्पट खाशी! साखर चढली की ग्रोथ हॉर्मोन दबतं. अ‍ॅक्रोमेगाली या ग्रोथ हॉर्मोन अति होण्याच्या आजाराच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून नेमकं हेच बघतात. साबुदाण्याची खिचडी खाऊन २००० टक्क्यांची वाट बघू नये.

‘स्नायू भरतात’ हेही तसंच. उपवास लांबला की ग्रोथ हॉर्मोन वर असतानाच आयजीएफ-१ खाली येतं. चरबीचं कोठार उघडायचं आणि स्नायूंतलं प्रथिन होता होईतो वाचवायचं, एवढाच त्या चढाचा उद्देश. असलेलं वाचवणं आणि नवं बांधणं यांत फरक आहे.

साखरेचा दावा तर थेट उलटा. अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हुसे यांना १९४७ चं नोबेल मिळालं ते पिट्युटरीचा साखरेच्या चयापचयाशी असलेला संबंध दाखवल्याबद्दल: ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांत मधुमेह सौम्य होत असे. ग्रोथ हॉर्मोनमुळे चरबीतून सुटलेली मेदाम्लं रक्तात वाढली की स्नायू साखर कमी घेतात आणि इन्शुलिनला जास्त राबावं लागतं. ग्रोथ हॉर्मोन अति झालेल्या अ‍ॅक्रोमेगालीच्या रुग्णांत मधुमेह वारंवार दिसतो तो यामुळेच. आणि इक्वेडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोमच्या लोकांत या हॉर्मोनचा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवरचा त्याला ओळखणारा भागच, बिघडलेला असतो. ते स्थूल असतात, तरी त्यांच्यात मधुमेह अगदी विरळा. उपवासात साखर उतरते ती खाणं थांबल्यामुळे, या हॉर्मोनच्या चढाला न जुमानता.

राहिलं इंजेक्शन. सिडनीत ६३ पुरुष आणि ३३ स्त्रिया अशा हौशी खेळाडूंवर आठ आठवडे केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. चरबी थोडी घटली, चरबीविरहित वजन वाढलं, पण ताकद वाढली नाही. आणि ते वाढलेलं वजन प्रामुख्याने पेशींच्या बाहेर साठलेलं पाणी होतं.