तिकडे ऑपेरा शांत बसून ऐकतात म्हणे

गणपतीतल्या एका व्हिडिओवरून आमच्या घरच्या ग्रुपवर गेले आठ दिवस जे काही चाललंय ते मी रोज ट्राममध्ये उभ्याने वाचतेय, आता मात्र गप्प बसवत नाही. झालं असं की सांगलीत आमच्या कॉलनीच्या मांडवात विशीतल्या एका मुलाने गिटार आणि कीबोर्डवर 'नाथ हा माझा' म्हटलं, तेही एका लावणीच्या पाठोपाठ, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामांनी लिहिलं की ही नाट्यसंगीताची विटंबना आहे, युरोपात ऑपेराचं असं कुणी करून दाखवावं, तिकडे लोक सूटबूट घालून टाचणी पडेल इतक्या शांततेत ऐकतात. खाली मला टॅग करून, तू मिलानमध्येच आहेस, सांग यांना.

सांगते. चौदा वर्षं झाली इथे, आणि परवडतं म्हणून स्काला या ऑपेरा थिएटरात नेहमी सगळ्यात वरच्या स्वस्त गॅलरीत, लोज्जोनेतच बसते. गायक चुकला की आजही तिथून 'बू' येतं, भर पदात येतं. आणि मामा ज्या काळाला सोन्याचा समजतात त्या काळात तर विचारूच नका. १७ फेब्रुवारी १९०४ ला याच स्कालामध्ये पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, रंगमंचावर पहाट दाखवायला पक्ष्यांचे आवाज काढले तर प्रेक्षकांनी खालून गुरांचे आवाज काढले. एका प्रयोगात नाटक उतरवावं लागलं. पुच्चिनीने काटछाट केली, तीन महिन्यांनी ब्रेशियात परत लावलं, तेव्हा तिथे त्याच लोकांच्या भाऊबंदांनी वन्स मोअर मागून मागून डोक्यावर घेतलं. ही ती टाचणी पडेल इतकी शांतता!

आणि ऑपेरा फक्त थिएटरात थोडाच होता. रस्त्यावर हाताने फिरवायच्या पेटीवाल्यांकडे ऑपेराच्याच चाली असायच्या, गावोगावचे बँडवाले रविवारी चौकात ऑपेरावाल्या व्हेर्दीच्या चाली वाजवायचे, ज्याला तिकीट परवडत नव्हतं त्याला ती पदं तोंडपाठ असायची ती अशी. २७ जानेवारी १९०१ ला व्हेर्दी वारला, त्याआधी तो हॉटेलात आजारी होता तेव्हा घोडागाड्यांचा आवाज होऊ नये म्हणून मिलानवाल्यांनी रस्त्यावर गवत पसरलं होतं. महिन्याने मोठी मिरवणूक निघाली तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानिनीने आठशेच्या वर गायक उभे करून व्हेर्दीच्याच ऑपेरातला गुलाम ज्यूंचा कोरस म्हणवून घेतला. हे प्रेम चौकातून आलेलं होतं, सूटबुटातून नाही.

खाली नेपल्सला तर अजून गंमत. तिथे सप्टेंबरात, म्हणजे साधारण आपल्या गणपतीच्याच सुमारास, पिएदिग्रोत्ताच्या मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, जत्रा असायची, आणि वर्षाची नवी गाणी त्या जत्रेत बाहेर पडायची. प्रकाशक स्पर्धा लावायचे, गाण्याचे शब्द स्वस्तातल्या कागदावर छापून गल्लीबोळात विकले जायचे. देवाच्या उत्सवात गाण्याचा बाजार, उघड. आपल्याकडे तेव्हाच गणपतीचे मेळे नवी पदं गात फिरत होते, त्यांनाही नावं ठेवणारे होतेच की. याच नेपल्सच्या गल्ल्यांतून ऑपेराचा नामी गायक कारुसो आला, पोरवयात पैसे घेऊन दुसऱ्यांच्या प्रेयसींसाठी खिडकीखाली गायचा. मोठा झाल्यावरही त्याने ऑपेरा आणि गल्लीतली गाणी अशा दोन वेगळ्या वह्या केल्या नाहीत, एकाच गळ्याने दोन्ही गायला.

त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथली आहे. ११ एप्रिल १९०२, व्हेर्दी जिथे वारला तेच हॉटेल. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग गाणं तबकडीवर घेण्याचं यंत्र घेऊन आला होता, कारुसोने दहा पदांचे शंभर पौंड मागितले, लंडनहून उत्तर आलं की फार होतात, घेऊ नकोस, गाइसबर्गने तरी घेतलं. आणि तोच गाइसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर घेत होता! माझी १ नंबरची ट्राम त्या हॉटेलवरून जाते आणि दर वेळी मला हेच आठवतं, की एकच माणूस, एकच वर्ष, इकडे मिलान तिकडे कलकत्ता. तबकडीवर तीन-एक मिनिटंच मावायची, ऑपेराचं पद असो की ठुमरी की बाजारातलं गाणं, सगळ्यांना तेवढीच जागा. पुढे आपली नाट्यपदं घराघरात गेली तीही तबकड्यांवरूनच, मामांच्या स्वतःच्या आजोबांनी बालगंधर्व आधी तबकडीवरच ऐकले होते.

आणि शुद्ध म्हणजे काय हो? अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' १८८२ ला केलं त्यात साकी, दिंडी, कानडी चाली, लावणीचं वळण, सगळं आहे. १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमऱ्यांच्या, गझलांच्या चाली आणल्या, त्या कोठ्यांवर गायल्या जाणाऱ्या होत्या हे काय लपून होतं? भास्करबुवांनी 'स्वयंवर'ला रागदारी दिली म्हणून आपण 'नाथ हा माझा' ऐकून हात जोडतो, पण ते पद लोकांचं झालं ते वन्स मोअरने. लावणीनंतर ते म्हटलं म्हणून विटाळ होत नाही, दोघी बहिणी आहेत.

तोस्कानिनी मामांच्या बाजूचा होता हे कबूल करते. त्याने दिवे मंद केले, बायकांच्या टोप्या काढायला लावल्या, १९०३ ला लोक वन्स मोअर सोडेनात म्हणून स्काला सोडून निघून गेला. त्याची शिस्त मला पटते, कधी कधी फार पटते, पण शिस्त गाणाऱ्याला मोठं करण्यासाठी असते, नवीन पोराला मांडवातून हाकलायला नाही.

हे एवढ्या तावातावाने लिहितेय त्याचं कारण वेगळंच आहे. चार वर्षांपूर्वी इथल्या आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात माझी मुलगी नाट्यपद म्हणायला उभी राहिली. ती इथेच जन्मली, गाणं इथेच शिकते, तर तिने ते इथल्यासारखं खुल्या छातीने, स्वर थरथरवत म्हटलं. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, अगं असं नाही म्हणायचं, हा काय ऑपेरा आहे का? ती हसली, खाली बसली, त्यानंतर तिने माझ्यासमोर मराठी पद म्हटलेलं नाही. सांगलीत भावे नाट्यमंदिराच्या मागच्या रांगेत आजोबांच्या मांडीवर बसून जे ऐकलं तेच खरं, ते जसंच्या तसं माझ्याजवळ राहिलं पाहिजे, नाहीतर मी कुठली हे मला कळणार नाही, अशी भीती होती ती. मामांना सांगलीत राहून वाटते, मला क्वेस्तुराच्या, म्हणजे परदेशी लोकांचे परवाने देणाऱ्या पोलीस कचेरीच्या, रांगेत उभं राहून वाटते.

पण नेपल्सच्या जगभर गेलेल्या 'ओ सोले मियो' या गाण्याला १८९८ ला दि कापुआने चाल लावली ती ओडेसात, घरापासून कितीतरी लांब. आणि 'कोरे न्ग्रातो', जे ऐकून आज नेपल्सवाले रडतात, ते १९११ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या दोन इटालियनांनी तिथेच बसून केलं, कारुसोने गाजवलं, मग ते गावी गेलं. गावाने घेतलं. अक्सेंट कुणी विचारला नाही.

मुलीला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. काल तिला तो मांडवातला व्हिडिओ दाखवला, ती म्हणाली पुढचं कुठंय, कारण ग्रुपवर टाकलेला तुकडा अंतरा सुरू होतो तिथेच तुटतो. ज्याच्याकडे पूर्ण असेल त्याने पाठवा. मामा, तुमच्याकडे असला तर तुम्हीच पाठवा.