आधी घरातली लोकर संपव म्हणे!

आज दुपारी जाऊबाईंनी दुलई काढायला माझं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातल्या लोकरीच्या पिशव्या दिसल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "अगं, एवढी पडलीये आणि परवा पुन्हा आणलीस? आधी ही संपव, मग नवीन आण." सगळे हसले. मी चहा गाळत होते, काही बोलले नाही. पण संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय. इथल्या निम्म्या जणी विणणाऱ्या आहात, तुम्हाला कळेल.

तूरडाळ शिल्लक आहे म्हणून मूगडाळ आणू नको, असं कुणी म्हणतं का? त्या पिशव्यांत आहे काय, तर अर्धा पिवळा गुंडा, थोडी पांढरी बेबी वूल, जाड राखाडी उरलेली. त्यातून मोठ्या माणसाचा स्वेटर कसा उभा राहणार? पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला चारपदरी लोकर ४००-५०० ग्रॅम तरी लागते, आणि ती सगळी एकाच लॉटची लागते. लॉट म्हणजे एका खेपेला रंगवलेला माल, तो पुढच्या खेपेच्या मालाशी हुबेहूब जुळेलच असं नाही.

माझ्या आत्याने बाबांसाठी मरून रंगाचा स्वेटर विणायला घेतला होता. तेव्हाही घरातून हेच ऐकवलं गेलं, एवढी कशाला आणतेस, कमी पडली तर बघू. ती भिडस्त, तिने कमी आणली. दुसरी बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. तुळशीबागेत जाऊन आणली. कंपनी तीच, शेड नंबर तोच, लॉट वेगळा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काही फरक दिसेना. बाही पूर्ण झाली, शिवून झाली, बाबा तो घालून अंगणात उन्हात उभे राहिले आणि कोपराखाली रंग सरळ तुटलेला दिसला.

"कमी पडली तर बघू" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तेव्हा काही बघितलं नाही. आत्याने एकटीने दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत उसवल्या. दोन ओळी जुन्या लॉटच्या, दोन ओळी नव्या, अशा आलटून पालटून पुन्हा विणल्या. रंगातला फरक त्यात विरून गेला. केवढं काम ते! आणि लोकांना वाटतं बाई टीव्हीसमोर बसून टाइमपास करते.

म्हणून मी कुणाचं काही ऐकत नाही. नवीन काम घ्यायचं तर लागेल त्याहून एक गुंडा जास्तच आणते, दुकानातच प्रत्येक लेबलावरचा लॉट नंबर ताडून. काम झाल्यावर उरलेल्या गुंड्याला ते लेबल दोऱ्याने बांधून ठेवते. लोकर पुरेल की नाही अशी शंका आली तर पहिली बाही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवते. ती ७० ग्रॅम भरली तर दुसरीसाठी तेवढी शिल्लक हवीच, आणि वर गळ्याच्या पट्टीची वेगळी. ज्यांना हा पसारा वाटतो त्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

आता खरं ते खरं. काही लोकर नुसती रंग आवडला म्हणून घेतली जाते आणि वर्षानुवर्षं पडून राहते. पैसे अडकतात, हे मान्य. अस्सल लोकर असेल तर कसर लागते, तिला पावसाळ्याआधी ऊन दाखवावं लागतं. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, पण दमट कपाटात वास तिलाही धरतो.

पण "पडलीये" हा शब्द मला लागला. त्यांच्याच नातवाचा बाळंतविडा ह्याच पिशव्यांतून झालाय ना! टोपड्याला ४० ग्रॅमसुद्धा लागत नाही. पिवळ्याची टोपडी, पांढऱ्याचे मोजे, दोन्ही मिळून दुपट्याची किनार. बाळ ठरल्या तारखेच्या आधी आलं. रात्री फोन आला आणि सकाळी दवाखान्यात जाताना मोजे माझ्या पर्समध्ये होते. घरात लोकर नसती तर दुकान उघडायची वाट बघत बसले असते.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. जाऊबाई विणत नाहीत, त्यांना पिशव्या दिसतात, त्यातलं टोपडं दिसत नाही. मनाने वाईट नाहीत त्या. त्या मोज्यांचा फोटो अजून त्यांच्या डीपीवर आहे. पण चारचौघांत बोलायला नको होतं. आत्यालाही असंच चारचौघांत बोलले होते, आणि बोलणाऱ्यांना तो स्वेटर मात्र पुढे आयता बघायला मिळाला.

तर नवीन आणलेली निळी सासऱ्यांच्या स्वेटरची आहे, तिला कुणी हात लावायचा नाही. आणि पुण्यातल्या ज्या मैत्रिणींकडे उरलेली बेबी वूल असेल त्यांनी रविवारी दुपारी माझ्याकडे या, अदलाबदल करू. मला फिकट हिरवी हवीये, एखादा गुंडा पुरे. लेबलं असतील तर तीही आणा.