हातपाय गाळेल हे काही पटलं नाही

लेखात म्हटलंय की 1830 च्या साताऱ्यातला माणूस टाइम मशीनमधून आज इथं उतरला आणि आपलं राज्य उरणार नाही हे त्याला कळलं तर तो परत जाऊन हातपाय गाळून बसेल. अजिबात नाही! साताऱ्याच्या महाराजांचे वकील रंगो बापूजी, त्यांचं काय मग? 1839 ला इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, त्यांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला, 1847 ला महाराज काशीलाच वारले, 1848 ला इंग्रजांनी राज्यच खालसा केलं, तरी हे 1853 पर्यंत तिथं भांडतच होते. त्यांना भविष्य बघायला मशीन लागलं नाही ओ, आपला काळ संपलेला डोळ्यांनी बघितला त्यांनी.

आणि परत आल्यावरही गप्प बसले नाहीत, 1857 च्या उठावाची जुळवाजुळव केली, त्यात मुलगा सीताराम फासावर गेला. मी साताऱ्याचाच, चार भिंतीवर फिरायला जातो, तिथं रंगो बापूजी आणि 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, पण निम्म्या लोकांना ते कशाचं हेच माहीत नसतं याचं फार वाईट वाटतं. लेखकांनी पुढच्या भागात रंगो बापूजींवर लिहावंच.