सरासरी पगाराचे तक्ते आणि आपली "स्वस्ताई"

ते देशोदेशीच्या सरासरी पगाराचे रंगीत तक्ते सोशल मीडियावर परत फिरायला लागलेत. वर स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग, मधे जर्मनी वगैरे, आणि पार तळाला कुठंतरी आपण. कमेंटमधे ठरलेल्या दोन पार्ट्या, एक म्हणते देश सोडा, दुसरी म्हणते अहो पण तिकडे खर्च किती, आपल्याकडे तेवढ्याच पैशात माणूस राजासारखा राहतो. मला भांडायचंय दोघांशी, पण जास्त दुसरीशी.

आधी सरासरीचं बघू. मार्च २०२४ मधे फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमा पिकेटी आणि मंडळींचा भारतातल्या विषमतेवर पेपर आला होता. त्यात २०२२-२३ चं दर सज्ञान माणसामागचं सरासरी उत्पन्न आहे वर्षाला साधारण २ लाख ३५ हजार, म्हणजे महिन्याला साडेएकोणीस हजार. ठीक वाटतं ना? आता सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोब्बर मधला माणूस काढा, त्याचे वर्षाचे १ लाख ५ हजार. महिन्याला पावणेनऊ हजार! (घरी असणारे, न कमावणारे पण यात धरलेत, मान्य, पण ते सरासरीतही धरलेतच की.) ती सरासरी गाठायची तर रांगेतल्या जवळपास ९० टक्के लोकांच्या पुढं जावं लागतं. वरच्या १ टक्क्याचं सरासरी उत्पन्न ५३ लाख, आकडा त्यांनी वर ओढलाय आणि तक्त्यात तो तुमच्या-माझ्या नावावर छापलाय.

यावर कुणीतरी जुलै २०२५ ची ती बातमी आणून टाकणारच, की वर्ल्ड बँकेच्या हिशोबानं भारत समानतेत जगात चौथा. आपला गिनी (विषमता मोजायचा आकडा, जितका कमी तितकी समानता जास्त) २५.५, अमेरिकेचा ४१.८, झिंदाबाद. अहो, आपला २५.५ हा खर्चावरून काढलेला आणि अमेरिकेचा उत्पन्नावरून. करोडपती माणूस काय दिवसाला शंभर पोळ्या खातो का? त्याचा जादाचा पैसा जातो शेअरमधे, फ्लॅटमधे, जमिनीत, आणि ते खर्चाच्या सर्वेत दिसतच नाही. खर्च मोजला की कुठलाही देश जरा जास्तच समान दिसणार. हे न सांगता दोन आकडे शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, माझं स्पष्ट मत.

आता राजासारखं राहण्याचं. डॉलर बाजारात नव्वदच्या आसपास रुपयांना, पण एका डॉलरमधे अमेरिकेत जेवढं येतं तेवढं इथं वीस-बावीस रुपयांत येतं असा हिशोब धरतात आणि आपले पगार त्यानं फुगवून दाखवतात. ठीक आहे, पण नेमकं स्वस्त काय आहे ते बघा ना. आयफोन स्वस्त नाही, पेट्रोल नाही, पुण्यात फ्लॅट तर नाहीच नाही. स्वस्त आहे ती धुणंभांड्याची बाई, ड्रायव्हर, इस्त्रीवाला, बारा तास उभा असलेला वॉचमन, दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारा पोरगा. म्हणजे स्वस्त आहे माणूस. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमधे वॉचमनला हजार रुपये वाढवायचे म्हटलं की अर्धा तास वाद चालतो आणि लगेच पुढचा विषय लॉबीला इटालियन मार्बल, तो पाच मिनिटांत पास. तर ही स्वस्ताई ही विषमतेवरची सूट नाहीये, तीच विषमता आहे, फक्त आपण तिच्या वरच्या बाजूला बसलोय म्हणून ती आपल्याला सोय वाटते.

जर्मनीत २०१५ मधे पहिल्यांदा किमान वेतनाचा कायदा आला, तासाला ८.५० युरो, २०२५ ला ते झालं १२.८२, म्हणजे आपल्या हजार रुपयांच्या वर. डेन्मार्कमधे तर असा कायदाच नाही, युनियन आणि मालक बसून ठरवतात, तरी बर्गरच्या दुकानातल्या पोराला तासाला २० डॉलरच्या आसपास मिळतात. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय, आणि सरासरीच्या तक्त्यात अमेरिका दिमाखात वर! म्हणून तिकडे गेलेली आपली मंडळी "स्वतःच संडास घासावा लागतो रे" म्हणून रडतात तेव्हा मला वाईट नाही वाटत, कारण घासणाऱ्याला तिथं धड पैसे द्यावे लागतात. अर्थात तिकडे सगळं गोड आहे असंही नाही, जर्मनीत एकट्या नोकरदाराच्या सरासरी पगारातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापला जातो.

तर बाहेर असलेल्यांनी जरा सांगा. तुमच्या ऑफिसात झाडूपोछा करणाऱ्या माणसाला महिन्याला हातात किती पडतात, आणि घरभाडं जाऊन उरतात किती? तुमचं पॅकेज नको, ते माहितीये.