पऱ्हाटीच्या कोळशावर मोटारपंप चालत नाही

कपाशीची शेवटची वेचणी झाली, वावरातली पऱ्हाटी उपटायला आली की मोबाइलवर एक दावा फिरू लागतो: पऱ्हाटी खड्ड्यात जाळा, कोळशात युरिया आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खतातलं पोटॅश नव्हे) मिसळून चुलीवर भाजा, प्लॅटिनमपेक्षा सरस कॅटॅलिस्ट (क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) तयार, मग फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या क्रियेतून वीज देणाऱ्या उपकरणात) पाणी ओता आणि ५ एचपीचा पंप चालवा. यातली एक गोष्ट खरी आहे. वनस्पतींपासून काढलेल्या कार्बनचा कॅटॅलिस्ट फ्युएल सेलच्या ऑक्सिजनच्या बाजूला काम करू शकतो, आणि त्यावर गंभीर संशोधन चालू आहे. बाकीचं मात्र चुकीचं आहे, काही भाग तर जिवावर बेतणारा.

‘खड्ड्यातला कोळसा पुरतो.’ पुरत नाही. खड्ड्यात तापमान साधारण ४००–५०० अंश सेल्सिअसला राहतं आणि असा कोळसा वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. विद्युतवहन सुधारतं ते ७०० अंशांच्या पुढे. म्हणून प्रयोगशाळेत नळीच्या भट्टीत, नायट्रोजन किंवा आरगॉन सतत सोडत, मिनिटाला ५ अंशांच्या आसपास तापमान चढवत ८००–९०० अंशांवर नेतात आणि तास-दोन तास तिथेच ठेवतात. गरम भट्टी उघडली तर हवा शिरून कार्बन जळतो, हाती राख येते. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तूस घेतलं तर त्यात १५–२० टक्के राखच, तीही बहुतेक सिलिका. ती काढायला कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात वेगळं धुवावं लागतं.

‘पोटॅश टाकून चुलीवर भाजा.’ हा सल्ला कोणीही पाळू नये. प्रयोगशाळेत कोळशाच्या १ ते ४ पट वजनाचं पोटॅश घेतात. ७०० अंशांच्या आसपास कार्बनशी होणाऱ्या क्रियेतून धातुरूप पोटॅशियम सुटतं. तेच कार्बनच्या थरांत शिरून सूक्ष्म छिद्रं वाढवतं, आणि तेच वाफ होऊन नळीच्या थंड टोकाला साचतं. ओलसर हवा किंवा पाणी लागलं की पेट घेतं. वितळलेलं पोटॅश चिनीमातीची मूसही खातं, त्यामुळे निकेलची मूस वापरतात. नमुना पूर्ण थंड झाल्यावर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग पीएच ७ येईपर्यंत ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात. धुणं अर्धवट राहिलं की उरलेले क्षार छिद्रं बुजवतात आणि सगळी मेहनत वाया जाते. युरियाचंही तसंच: तो कार्बनमध्ये नायट्रोजन घालण्यासाठी असतो, पण त्यातला बराच नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, कार्बनमध्ये जेमतेम काही टक्के टिकतो. तो अमोनिया बंद खोलीत डोळे आणि छाती जाळतो.

‘प्लॅटिनमपेक्षा सरस.’ कुठल्या द्रावणात, हे आधी विचारावं. कॉस्टिक पोटॅशच्या पातळ, अल्कधर्मी द्रावणात (०.१ मोलर) काही चांगले नमुने प्लॅटिनमची बरोबरी करतात. पण गाड्यांमध्ये आम्लधर्मी पडद्याचे सेल असतात. तिथे नुसता नायट्रोजनयुक्त कार्बन मागे पडतो. लोह घातलं की क्रिया सुधारते, टिकाऊपणाचा प्रश्न उरतोच. शिवाय चांगल्या कॅटॅलिस्टवर ऑक्सिजनचा रेणू ४ इलेक्ट्रॉन घेऊन पाणी होतो. निकृष्ट कार्बनवर २ घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइड होतो आणि ते पडद्याची झीज करतं. चाचणीतही फसगत होते. नमुन्यासमोरचा इलेक्ट्रोड (वीज आत-बाहेर नेणारी कांडी) प्लॅटिनमचा असेल तर त्यातलं प्लॅटिनम विरघळून नमुन्यावर बसतं आणि आकडे फुगतात. तिथे ग्रॅफाइटची कांडी लावायला हवी. आणि आम्लधर्मी सेलमध्ये हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम लागतंच.

‘पाणी ओता, पंप चालवा.’ फ्युएल सेलमध्ये पाणी हे इंधन नसून क्रियेतून बाहेर पडणारा पदार्थ आहे. इंधन हायड्रोजन. कॅटॅलिस्ट क्रियेचा वेग वाढवतो, ऊर्जा निर्माण करत नाही. ५ एचपीची मोटार ८० टक्के कार्यक्षम धरली तर ८ तासांना सुमारे ३७ युनिट लागतात. १ किलो हायड्रोजनमधून निम्म्या कार्यक्षमतेने १६–१७ युनिट मिळतात, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास हायड्रोजन हवा. तो पाण्यापासून काढायला किलोमागे ५०–५५ युनिट धरले तर एकूण ११० ते १२५ युनिट खर्च होतात. सौर पॅनेलची वीज थेट पंपाला दिली तर हेच ओलित ३७ युनिटांत होतं.